धाकट्याची अमेरिका

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. वाशीमजवळच्या मालेगावच्या शाळेत आम्हाला एकाच दिवशी घातलं, कारण तो एकटा जायला रडायचा. म्हणजे मी शिकले ती त्याच्या सोबतीपुरती. चौथीपर्यंत त्याची गणितं मीच सोडवून दिली. मग त्याचं रडणं थांबलं आणि माझी शाळाही थांबली. तो पुढं वाशीमला गेला, अकोल्याला गेला, नागपूरला शेतकी शिकला. मला गावातच दिली, माहेरापासून चार गल्ल्यांवर.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दोन-तीन वर्षं आधी तो कापसाचं शास्त्र शिकायला अमेरिकेला निघाला. मायनं त्याच्या पेटीत तीन फेटे घडी करून ठेवले. निघताना तो मला म्हणाला, "बाई, माही पत्रं तूच वाचून दाखवजो." मायला अक्षरओळख नव्हती आणि बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

पहिलं पत्र दीड-दोन महिन्यांनी आलं. मायनं बोलावणं धाडलं, तशी मी पीठ मळता मळता उठून गेले. शेजारचे शिंपीचाचा मशीन थांबवून आधीच आमच्या ओट्यावर येऊन बसले होते. भावाचे दोन कोट त्यांनी शिवलेले. त्यामुळं पत्र ऐकायचा आपल्याला हक्क आहे असं ते धरून चालत.

भावानं झकास लिहिलं होतं. तिकडं नळ फिरवला की ऊन पाणी येतं. दुधाची बाटली पहाटे कुणी दारात ठेवून जातं आणि उन्हं वर येईपर्यंत तिला कुणी हात लावत नाही.

"इथं मांजरीनं तरी लावला असता," चाचा म्हणाले.

मी पुढं वाचू लागले: रस्त्यात अनोळखी माणूसही 'कसं काय' म्हणून विचारतो, पण उत्तराला थांबत नाही. पहिले दोन दिवस मी उत्तर द्यायला उभाच राहत होतो. ज्वारी माणसं खात नाहीत, ढोरांना घालतात. म्हणून मी मक्याच्या पिठाची भाकर थापली. घरमालकीण दारातून पाहत होती. तिनं तुकडा मागून घेतला, त्यावर काकवी ओतली आणि खाल्ला.

पुढं लिहिलं होतं की कॉलेजच्या खाणावळीत दोन वेळच्या जेवणाच्या बदल्यात तो ताटं घासतो. तिथं यात कमीपणा नाही, मोठमोठ्या शेतकऱ्यांची मुलंही घासतात.

मायनं पदर डोळ्याला लावला. "माह्या लेकरानं कधी आपला तांब्या उचलून ठेवला नाही, अन् तिथं लोकायची खरकटी काढून राह्यला."

ती दिवस कलेपर्यंत रडत होती. मी त्या सकाळी अकरा माणसांची भांडी घासून आले होते आणि परत जाऊन संध्याकाळची घासणार होते. त्यासाठी कुणाचा डोळा कधी ओला झाल्याचं मला आठवत नाही. मी पुढं वाचत राहिले.

उन्हाळ्यातल्या पत्रात घरमालकिणीच्या मुलीचं आलं. दोन लेकरांची आई, माझ्याच वयाची. सकाळी स्वतः मोटार चालवत शाळेत शिकवायला जाते आणि संध्याकाळी ओसरीत बसून गणिताच्या वह्या तपासते. खाली लिहिलं होतं, 'तिला पाहून मला बाईची आठवण झाली.'

तेवढं सगळं मी गाळलं. डोळ्यांनी वाचलं आणि सरळ खालच्या ओळीवर, पावसापाण्यावर गेले. त्या बाईचा मला इतका राग आला, जणू माझी वस्तू तिनं वापरायला घेतली होती.

त्या दिवसापासून मला खोड लागली. त्यानं लिहावं, रस्ते असे की मोटारीत ताटातला भात हलत नाही. मी वाचावं, रस्ते आहेत. त्यानं ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या भिंतीबद्दल पानभर लिहावं. मी वाचावं, अभ्यास बरा चालला आहे.

एकदा मायनं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "कागद तं भरून हाय. अन् तू एवढंसंच काहून वाचून राह्यली?"

"अक्षर मोठं हाय त्याचं, माय."

मग फेट्याचं पत्र आलं. 'इथं फेट्याला मोठा मान आहे. फेटा बांधून गेलो की भाड्याच्या सर्व्हिस मोटारीत पुढची जागा मिळते, हॉटेलवाला स्वतः दार उघडतो.' हे मला गाळता आलं नाही, कारण पहिल्या ओळीलाच बाबा खाटेवर उठून बसले. त्यांनी ते माझ्याकडून पाच वेळा वाचून घेतलं. आठवडी बाजारात भेटेल त्याला सांगितलं. मेडशीचे पाव्हणे आले तेव्हा मला मुद्दाम बोलावणं आलं, पुन्हा वाचायला.

त्याच पाकिटात एक बारीक घडी केलेला वेगळा कागद होता. वर लिहिलं होतं, 'फक्त बाईसाठी'. तो मी पहिल्याच दिवशी कमरेला खोचला होता आणि घरी येऊन गोठ्यात उभी राहून वाचला होता.

'बाई, हे मायला वाचून दाखवू नको. फेट्याचं लिहिलं ते खरं आहे, पण अर्धंच. इथं काळ्या लोकांना मोटारीत मागं बसवतात, हॉटेलात पाय ठेवू देत नाहीत. मी बोडक्या डोक्यानं गेलो की मलाही त्यांच्यातच धरतात. न्हाव्यानं मला खुर्चीवरून उठवलं. फेटा बांधला की मी कुठला तरी राजा आहे असं समजतात. म्हणून आता झोपताना तेवढा काढतो. परवा कापूस वेचणाऱ्या बाया पाहिल्या, हुबेहूब आपल्या शेतातल्या. त्यांच्याशी दोन शब्द बोलावेसे वाटले. बरोबरचे म्हणाले, तिकडं जायचं नाही. मी गेलो नाही. त्याची लाज वाटते.'

मी खरं ते सांगते. वाचून झाल्यावर पहिल्यांदा माझ्या मनात आलं, बरं झालं. लाज नंतर वाटली. आणि लाजेच्याही मागोमाग पुन्हा हेवाच आला. त्याच्याजवळ फेटा तरी होता. मी डोक्याला काय बांधलं असतं, म्हणजे मला पुढच्या जागेवर बसू दिलं असतं?

चार दिवसांनी घरची सगळी शेतात गेलेली असताना मी आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलं. मायनं सांगितलेलं नव्हे, माझं. 'तुझा मला हेवा वाटतो. तुझी पत्रं मी अर्धीच वाचून दाखवते. तुझं दुःख वाचून मला आधी बरं वाटलं. चौथीनंतर तू एकदा तरी विचारलं होतं का, की बाई आता शाळेत का येत नाही? माझी थोरली यंदा चौथी पास होईल. तिलाही घरी बसवायचं ठरलं आहे. मी दहा वेळा बोलले, कुणी ऐकत नाही.'

पाकीट टपालात टाकायला शिंपीचाचांकडे दिलं. त्यांनी विचारलं, "मायचं पत्र हाय का, बेटी?"

"नाई. माहं हाय."

त्यांनी ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

चार महिने काहीच आलं नाही. मायही पत्रासाठी झुरू लागली, तेव्हा माझ्या पत्रामुळंच त्यानं लिहिणं सोडलं की काय, अशी मला धास्ती वाटली. मग पत्र आलं, ते माझ्या यजमानांच्या नावानं. ते त्यांनी ओसरीत बसून मनातल्या मनात दोनदा वाचलं आणि मला हाक मारली.

"तुहा भाऊ लिहिते, पोरीले वाशीमले पुढं शिकू द्या. तिकडं समद्या पोरी शिकतात म्हणे. मले वाटते, त्याचं म्हननं बराबर हाय."

"मी बी हेच म्हनत होती."

"तू म्हनत होती ते येगळं."

पत्र त्यांनी माझ्या हातात दिलं. शेवटी एकच ओळ माझ्यासाठी होती. 'बाईला सांगा, मी कधी विचारलं नव्हतं.'

मी ती ओळ पुष्कळ वेळ पाहत बसले. त्यानं मान्य केलं याचं बरं वाटलं. पण माझ्या दहा वेळच्या बोलण्याला जे वजन नव्हतं, ते सातासमुद्रापलीकडच्या त्याच्या चार ओळींना होतं, हे मला आजही पचलेलं नाही.

मुलगी वाशीमला नणंदेकडं राहून शिकली. लढाई सुरू होता होता भाऊ परतला, त्याला सरकारी फार्मावर नोकरी लागली. इथं आल्यावर त्यानं फेटा बांधला नाही. बाबांना त्याचं वाईट वाटे, आणि त्याला कारण विचारलं की तो माझ्याकडं पाहून कापसाचं बोलणं काढी. आम्हा दोघांत बोलणं थोडंच होई, पण ते सरळ असे.

दिवाळीत मुलगी घरी आली की माडीवर जाऊन पुस्तक घेऊन बसे. खाली अनारसे तळायचे असत, पाणी भरायचं असे. मी जिन्याशी जाऊन हाक मारी. कधी वरून उत्तर येई, "एवढं पान झालं की आली." ती बेफिकिरी मला कधी मिळाली नव्हती. आईला लेकीचा वाटू नये इतका मला तिचा हेवा वाटे. तरी हाक मारताना मी आवाज हळूच काढत असे, ऐकू गेली नाही तर बरं, तिचं पान तरी पुरं होईल.