उभ्याच राहतील

तिला सगळे धाकटी म्हणायचे. धाकटी सून म्हणून चिकटलेलं ते नाव केस पांढरे झाले तरी सुटलं नाही. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता आणि त्याच्या मागची चिंचोळी खोली तिची. लोकांच्या लग्नांचे, वाढदिवसांचे, शाळेच्या वर्गांचे फोटो तिथल्या हार्ड डिस्कमध्ये राहायचे. खोबणी पाडलेल्या फळीवर त्या डिस्क पुस्तकांसारख्या उभ्या असायच्या, दिवसभर चालू. त्यांची बारीक घरघर कानावर पडली की धाकटीचा हात कामाला लागायचा. त्या खोलीत तिला कुणी ‘जरा चहा टाक’ म्हणत नसे. यातच सगळं आलं.

डिस्क उभ्या का, हा मात्र घरातला कायमचा वाद. वाद घालणारे थोरले, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांनी उभा जन्म थिएटरात सिनेमाचं यंत्र चालवण्यात काढलेला. रिळाचा डबा आडवाच ठेवायचा, उभा ठेवला तर रीळ स्वतःच्या वजनानं एका बाजूला बसतं, हे त्यांच्या हाडीमांसी खिळलेलं. थिएटर बंद पडलं, थोरले स्टुडिओच्या गल्ल्यावर येऊन बसायला लागले आणि त्या उभ्या डिस्क बघून त्यांचा जीव खालीवर व्हायला लागला.

“अगं, उभ्या ठेवून मारतेस त्यांना! आडव्या कर.”

“भाऊजी, हे काही रीळ नाही. उभी ठेवा, आडवी ठेवा, कुशीवर ठेवा, काडीचा फरक पडत नाही. फार तापू द्यायची नाही आणि चालू असताना हलवायची नाही, बस्स.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

झालं! आता तुम्ही म्हणाल, फरक पडत नव्हता तर आडव्या करून मोकळं व्हायचं की. नवराही तेच म्हणाला.

“‘आडव्या ठेव’ एवढंच म्हणाले असते तर हसत ठेवल्या असत्या,” धाकटी म्हणाली. “‘तुला काय कळतं’ म्हणाले ना? आता उभ्याच राहतील. मी असेपर्यंत.”

आणि नेमकी त्यातली एक डिस्क गेली. आधी टकटक वाजायला लागली, मग गप्पच झाली. फोटो बुडाले नाहीत, कारण प्रत्येक कामाची दुसरी प्रत काढल्याशिवाय धाकटी खोलीबाहेर पाऊल टाकत नसे. पण घरात ते ऐकतो कोण? सगळं खापर तिच्या हट्टावर फुटलं. थोरल्यांच्या बायकोचा, म्हणजे जाऊबाईंचा मुलगा कॉम्प्युटरचा कोर्स करून घरीच होता. त्या म्हणाल्या, खोली त्याला द्या, धाकटीनं आता घर बघावं. संध्याकाळी सगळ्यांनी बसून ठरवायचं ठरलं.

त्या दुपारी धाकटी जेवायला निघाली खरी, पण चष्मा खोलीतच राहिला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत फिरली. खोलीचं दार लोटलं आणि बघते तर काय, थोरले फळीपाशी! तीन डिस्क आडव्या झालेल्या, चौथी त्यांच्या हातात. तिचा दिवा लुकलुकतोय, आतली तबकडी गरागरा फिरतेय आणि हे तिला तान्ह्या मुलासारखं हळूच निजवतायत.

“भाऊजी!”

थोरले दचकले. “ओरडतेस काय? जेवणापुरतंच गं. दिवसभर उभ्या असतात बिचाऱ्या. जरा पाठ टेकू देतो. तू यायच्या आत परत उभ्या करतो, उगाच वाद नको.”

“रोज?”

“रोज. एक दिवस चुकवला नाही.”

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना धरून गदागदा हलवावं की कपाळ बडवून घ्यावं, तिला कळेना. आयुष्यभर यंत्रापाशी उभं राहून गुडघे गेलेला हा माणूस डिस्कचे पाय चेपत होता, आणि खोली जाणार होती तिची!

“हलू नका. आहे तशी धरा.” तिनं कॉम्प्युटर बंद केला. डिस्कची थरथर थांबेपर्यंत थोरले श्वास रोखून उभे होते.

“भाऊजी, एक सांगा. चालू सिनेमात यंत्र उचलून कधी आडवं केलंत?”

“वेड लागलंय का? चालू यंत्राला कोण हात...”

थोरले तिथंच थांबले. हातातल्या डिस्ककडे बघत राहिले. मग ती फळीवर ठेवून बाहेर गेले.

संध्याकाळी जाऊबाईंनी विषय काढला. “उद्यापासून खोलीत आमचा मुलगा बसेल.” नवरा जमिनीकडे बघत होता. धाकटीला एका वाक्यात सगळं उलटवता आलं असतं. पण तिनं ब्र काढला नाही. नजर तेवढी थोरल्यांवरून हलवली नाही. बोलायचं तर त्यांनी बोलावं, मी का भीक मागू?

थोरल्यांनी घसा खाकरला. “डिस्क मी मारली.”

“काय?” जाऊबाई म्हणाल्या.

“चालू असताना हलवायचो. रोज. तिनं बजावलं होतं, मी ऐकलं नाही. खोली तिचीच.”

जाऊबाईंनी थोरल्यांकडे असं बघितलं की त्यांच्या रात्रीच्या जेवणाची काही खात्री उरली नाही. विषय मात्र तिथंच मिटला.

सकाळी धाकटी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसली. एकेक डिस्क खोबणीत घट्ट आवळली, उभीच. शेवटची हातात घेतली तेव्हा दारात थोरले उभे होते. आत यायला बिचकत होते.

“धाकटे... एवढी एक आडवी ठेवशील? फरक पडत नाही म्हणतेस ना, म्हणून विचारतो.”

इतक्या वर्षांत थोरल्यांनी तिला विचारलं असं हे पहिल्यांदाच. तिला ते सुखावून गेलं, पण ते दाखवेल तर ती धाकटी कसली!

“विचारलंत म्हणून ठेवते,” ती म्हणाली आणि ती डिस्क आडवी ठेवून तिचे चारही स्क्रू आवळले. “पण चालू असताना बोट लावलंत ना, तर गाठ माझ्याशी आहे.”

“नाही लावत,” थोरले म्हणाले, आणि तिथंच स्टुलावर बसून घरघर ऐकत राहिले.