गिरजाबाईंनी घेतलेलं नाव

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. सदतीस वर्षं तिच्याबरोबर काढली. शेवटच्या दिवसांत ती उशाला टेकून बसायची तेव्हा एकदा तोंडाशी आलं होतं — आणि मी तिच्या पायांवरची चादर सारखी करत बसलो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आणि आता जरा घाई आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आणि चष्मा कुठे ठेवला हे मी दिवसातून चार वेळा विसरतो. नजर आधी जाईल की आठवण, कोण जाणे. आठवण गेली तर हे सांगायला कुणीच उरणार नाही.

मोतीबिंदूतलं जग तसं वाईट नसतं, खरं सांगू? कडा निघून जातात. समोरचं लिंबाचं झाड म्हणजे नुसता हिरवा ओलावा, दारात कुणी उभं राहिलं की पांढरा धूर उभा राहिल्यासारखा. मी तासन्‌तास त्या पांढऱ्यात बघत बसतो. सून म्हणते, मामंजी, झोपलात का? मी झोपलेला नसतो. मी पौषातल्या एका सकाळी, दवाखान्याच्या व्हरांड्यात असतो.

निजामाचं राज्य होतं. आदिलाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी — नाव नको — सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. चोवीस वर्षांचा, आणि स्वतःला डॉक्टरच समजणारा. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, उर्दू बोलणारे, हात इतका हलका की डोळ्यातली ती पिकलेली काच ते फुलातून पाकळी काढावी तशी काढत. थंडीत शस्त्रक्रिया चालायच्या. बेल्याकडून, बोथकडून, पार जंगलपट्टीतून म्हातारी माणसं बैलगाडीतून यायची आणि भिंतीला टेकून धुक्यात बसून राहायची. मला आजही ते सगळे एका लांबलचक स्वप्नात बसलेले दिसतात.

साहेबांच्या मनात एक गोष्ट होती. त्यांना वाटायचं की डोळ्यावर पडदा येतो तसाच तो मेंदूवरही येतो — दोन्ही एकाच रोगाची लेकरं आहेत. हे त्यांना तपासून बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी एक वही केली. प्रत्येक म्हाताऱ्या रोग्याला सात प्रश्न. स्वतःचं नाव, गाव, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, मुलं किती, महिना कोणता, सकाळी काय खाल्लं. आणि सातवा प्रश्न सगळ्यांत गोड — रोग्याच्या तळहातावर एकेक करून तीन वस्तू ठेवायच्या, सरकी, सुपारी आणि कुलपाची किल्ली. दिसत नाही ना, मग हातानेच ओळखायचं. अर्ध्या तासाने विचारायचं, काय काय ठेवलं होतं? साहेबांना मराठी येत नव्हती, म्हणून विचारायचो मी आणि वहीत उर्दूत लिहायचोही मीच.

तीन उत्तरं चुकली की ‘हाफिजा कमजोर’ — स्मरण दुबळं — असा शेरा. आणि असा शेरा पडला की शस्त्रक्रिया नाही. यामागे कारण होतं. काच काढल्यावर आठ दिवस दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निपचित पडावं लागायचं. मागे एका म्हाताऱ्याने, आपण कुठे आहोत हेच विसरून, पट्टी ओढून काढली होती आणि डोळा कायमचा गेला होता. तेव्हापासून साहेब अशांना हात लावत नसत. त्यांना दर वर्षी फक्त तपासायचं, नजरेबरोबर डोकं कसं कसं जातं ते बघायचं, असं ठरलं होतं.

आता आमच्याकडच्या बायकांना नवऱ्याचं नाव विचारून बघा. मान खाली जाते, पदर पुढे येतो. तोंड काही उघडत नाही. मला का हे ठाऊक नव्हतं? माझी आई आयुष्यभर ‘अहो’ म्हणाली. म्हणून मी काय करायचो — बरोबर आलेल्या मुलाला नाव विचारायचं, बाईने मान डोलावली की ‘बरोबर’ लिहायचं. महिन्याचंही तसंच. वहीत निजाम सरकारच्या फसली पंचांगातले महिने लागायचे, दे, बहमन, असे. म्हातारी माणसं सांगायची मार्गशीर्ष, पौष. ते मी मनातल्या मनात बदलून लिहायचो. साहेबांना हे कधी सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही होतं असंही वाटलं नाही.

पण त्या थंडीत एक पंचाईत झाली. माणसं हुशार निघाली! डोळे पार पांढरे झालेले, आणि तीन पिढ्यांची सोयरीक तोंडपाठ. वहीची पानं भरत होती आणि साहेबांचा चेहरा उतरत होता. मी त्यांना फार मानायचो हो. ते म्हणाले होते की हे काम तडीस गेलं तर मला हैदराबादला आपल्या हाताखाली नेतील. मी रोज सकाळी त्या धुक्यात हैदराबाद बघायचो — चारमिनार, विजेचे दिवे, आणि पांढऱ्या कोटातला मी.

अशा एका सकाळी गिरजाबाई आल्या. बेल्याजवळच्या एका खेड्यातल्या, घरी कापूस-ज्वारीची शेती. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मोठा मुलगा किसन हाताला धरून घेऊन आला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगला पिकलेला — साहेबांच्या हाताखाली आठ दिवसांत जग दिसलं असतं.

मी प्रश्न विचारले. नाव, गाव, मुलं, सगळं धडाधड सांगितलं. नवऱ्याचं नाव विचारलं, आणि बाई हसून गप्प. महिना? पूस, म्हणजे पौष. सकाळी काय खाल्लं? काय खाणार, आज चतुर्थी, चंद्र निघेपर्यंत काही नाही. मग मी वस्तू ठेवल्या. अर्ध्या तासाने त्यांनी तिन्ही सांगितल्या, आणि वर म्हणाल्या की किल्लीचा एक दात झिजलेला आहे, बापू, कुलूप रुसत असेल तुमचं. व्हरांड्यातली माणसं हसली. कुलूप खरंच रुसायचं.

मी आत वही घेऊन बसलो. तिथे कुणी नव्हतं. उन्हाचा एक पट्टा टेबलावर पडला होता आणि त्यात धूळ तरंगत होती — ती मला अजून दिसते, एकेक कण. मी लिहिलं: पतीचं नाव — सांगता आलं नाही. महिना — बहमन म्हणाली नाही. सकाळचं खाणं — काही सांगितलं नाही. तीन झाले. शेरा मारला, हाफिजा कमजोर.

यात खोटं एक अक्षर तरी आहे का? तुम्हीच बघा. नाही. मी किसनला नाव विचारलं नाही, एवढंच. पूसचा बहमन केला नाही, एवढंच. चतुर्थी लिहिली नाही. जे मी त्या वहीत पन्नास बायकांसाठी केलं ते एकीसाठी केलं नाही, आणि मला नेमकं माहीत होतं की मी काय करतोय. व्हरांड्यातली माणसं हसली त्याचा राग आला होता का? थोडा आलाही असेल. पण खरं कारण हैदराबाद.

साहेबांनी शेरा वाचला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, देखा? मला इतकं बरं वाटलं! त्या हाताची ऊब दिवसभर खांद्यावर होती. बाहेर गिरजाबाई गाडीत बसत होत्या. पुढच्या थंडीत या, तपासू, असं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, येईन बापू.

मी किसनजवळ चिठ्ठी दिली होती, उर्दूत. ती गावात वाचता येणारा एकटा पटवारी. त्याने चावडीवर, चार माणसांत वाचली: बाईचं डोकं दुबळं झालंय, शस्त्रक्रिया करता येत नाही. सरकारी कागद तो. पुढच्या थंडीत त्यांना कुणी आणलंच नाही. वेड्या माणसाला कशाला गाडीत हिंदकळवायचं?

हे मला कळलं दोन वर्षांनी. तोवर साहेबांची बदली झाली होती, वही त्यांच्याबरोबर गेली होती, आणि मला काही बोलावणं आलं नव्हतं. देवी टोचणाऱ्याबरोबर मी त्या खेड्यात गेलो होतो. एका अंगणात पोरांचे दंड पुसत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून कुणी म्हणालं, हे दवाखान्याचे कंपोंडर न? मी वळलो. गिरजाबाई उन्हात गोणपाटावर बसल्या होत्या. कमरेला जुडगा नव्हता. तो सुनेच्या कमरेला होता. नंतर सून सहज सांगत होती, आत्याबाईंचं डोकं गेल्यापासून त्यांना कशातलं काही विचारत नाही, कागदच आहे ना दवाखान्याचा.

दोन वर्षांपूर्वी ऐकलेला आवाज. एकदाच. आणि त्यांनी तो बरोबर ओळखला. सरकी, सुपारी, किल्ली, त्यांनी आपणहून म्हणून दाखवलं. मग मला जवळ बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणला.

“त्या दिवशी मालकाचं नाव नाही घेतलं मी. म्हून डोळे नाही देल्ले न तुमी?”

एक वाक्य पुरलं असतं. नाही गिरजाबाई, चूक तुमची नव्हती, माझी होती. अंगणात किसन होता, सून होती, शेजारपाजारची माणसं होती. त्या सगळ्यांसमोर एक वाक्य. मी कापसाचा बोळा बोटांत फिरवत राहिलो.

त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला. ज्या दिशेला मी नव्हतो त्या दिशेला तोंड करून, आयुष्यात जे कधी उच्चारलं नव्हतं ते नाव त्यांनी घेतलं. पूर्ण. नाव, बापाचं नाव, आडनाव. लाजेने त्यांचा सुरकुतलेला चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता.

“आता लिहा,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, लिहितो.

परत जाताना गाडीत मला झोप लागली. खरंच लागली, गाढ. कापसाची शेतं दोन्हीकडून पांढरी सरकत होती आणि मी झोपलो होतो.

तोवर दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते. तेही डोळे करायचे. मला फक्त निरोप धाडायचा होता, बाईंना घेऊन या. पण मग किसन ती चिठ्ठी दाखवणार, डॉक्टर विचारणार की हा शेरा कुणी मारला, का मारला. आज धाडतो, उद्या धाडतो, असं करता करता थंडी संपली. दुसरी आली. तीही संपली.

मग एकदा आठवडी बाजारात किसन भेटला. डोक्यावरचे केस काढलेले. मी समजलो. त्याने मला ओळखलं, नमस्कार केला, सोडा पाजायला निघाला. सांगू लागला की आई उशाशी एक गाठोडं बांधून ठेवायची, लुगडं, तांब्या, चादर — दवाखान्यातून बोलावणं येणार म्हणायची. गाडीचा आवाज आला की उठून बसायची. आणि मग तो म्हणाला, अगदी आदराने म्हणाला:

“तुमी लिहिलं ते खरंच होतं, साहेब. आखरीले तर दिवसभर बाबाचंच नाव घेत बसे. पोरासोरांपुढं, पाव्हण्यांपुढं. जल्मात कधी घेतलं नवतं तिनं. तवा आमाले पटलं, डोकं गेलंच म्हून.”

तुमच्या लक्षात आलं का? माझ्या तिथल्या तिथे आलं. त्या उत्तर पाठ करत होत्या. पुन्हा विचारलं तर या खेपेला चुकू नये म्हणून.

मी किसनसमोर मान डोलावली. हो, असं होतं म्हातारपणी, असंही म्हणालो. सोडा प्यायलो.

गेल्या आठवड्यात मुलाने मला डोळ्यांच्या तरुण डॉक्टरकडे नेलं. त्याने गमतीगमतीत विचारलं, आजोबा, आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, आजींचं नाव काय. वार चुकला. सकाळचं आठवलं नाही. बायकोचं नाव घ्यायलाही क्षणभर थांबलो. तो म्हणाला, असू द्या, वयात होतं असं, पुढच्या महिन्यात डोळा करून टाकू. आणि त्याने माझ्या कागदावर तारीख लिहून दिली.

गिरजाबाईंच्या मालकांचं नाव मात्र मला आठवतं. नाव, बापाचं नाव, आडनाव. ते मी कुठेही लिहिलेलं नाही.