वरच्या घरची परात

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. मैत्रिणींनाही नाही – तशा मैत्रिणी मला फार नाहीतच. आता लिहायला बसले तरी आधी पाण्याबद्दलच लिहावंसं वाटतंय. ते सोपं आहे.

खामगावात आमचं घर नाल्याच्या वळणावर, गल्लीत सगळ्यात वर आहे. गल्लीची जुनी रीत अशी, की नाल्याला पाणी आलं की वरच्या घराने परात वाजवायची. ती ऐकून खालची घरं सामान उचलतात, दाराला फळ्या लावतात. आता सगळ्यांकडे फोन आहेत, पण परातीची रीत काही गेली नाही. आमच्या गच्चीच्या जिन्यात ती खिळ्याला टांगलेली असते. वाजवायची आई. मी कधीच नाही. इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी गच्चीवर उभी राहून परात बडवते, हे समोरच्या फ्लॅटमधल्यांनी पाहिलं तर? माझी भीती एवढीच होती.

चैत्रातली दुपार होती. गल्लीतल्या बायका पलीकडच्या कॉलनीत गौरीच्या हळदीकुंकवाला गेलेल्या, पुरुष कामावर. मला माणसांत बसवत नाही, म्हणून मी घरी. आणि आमच्या खालच्या घरात शमीम खाला – एकटी, रजया शिवत.

आमच्याकडे ऊन होतं. अवकाळी पाऊस वर डोंगराकडे कुठेतरी पडला असणार. मी गच्चीवर कपडे काढायला गेले आणि पाणी येताना दिसलं.

पाणी कसं येतं, तुम्ही कधी पाहिलंय? मला वाटायचं, गर्जत येत असेल. तसं नव्हतं. कोरड्या वाळूवरून एक मळकट पट्टा पुढे सरकत होता, कचरा ढकलत. खड्डा आला की थांबायचा, तो भरायचा, मग पुढे निघायचा. कडुनिंबाची पानं, एक हिरवी चप्पल, कुणाचा तरी टब – टब सावकाश गोल फिरत होता. नाल्यात धुण्याचा एक मोठा दगड आहे. पाणी त्याच्यावरून जाईल की बाजूने? मला ते बघायचं होतं.

परात आठवली नाही, असं लिहू का? आठवली होती. दगड बुडू दे, मग वाजवू, असं मी ठरवलं. दगड बुडाला तोवर पाणी खालाच्या दारात होतं. तेव्हाही वाजवली नाही.

खाला पलंगावर चढून बसली होती, म्हणून तिला काही झालं नाही. पण कापूस गेला. लोकांच्या शिवून ठेवलेल्या रजया चिखलात लोळत होत्या.

आईने आल्या आल्या विचारलं, "परात वाजवली होतीस ना?"

मी मान हलवली. तोंडातून शब्द काढला नाही – जणू न बोललेलं खोटं कमी खोटं असतं.

पुढचं गल्लीने केलं. "खाला, कान भाड्यानं देल्ले का वं?" बायका हसायच्या. तिचा मुलगा चिडून म्हणाला, "अम्मी, वो लडकी इतनी परात बजा रही थी, और आपको सुनाई नहीं दी?" खालाचे कान असे होते, की फाटकाची कडी वाजली तरी आतून विचारायची, "कोन, ताई काय?" ती आता ऐकू आलेलंही दोनदा विचारू लागली. आभाळ आलं की शिलाई मशीन बंद करून दारात बसू लागली.

इथपर्यंत कदाचित तुम्ही मला भित्री म्हणाल. इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

एके दिवशी खाला आमच्याकडे आली. म्हणाली, "बेटा, मले माह्या कानाचं खरं वाटून नाही राह्यलं. मी घरात बसतो. तू वाजव बरं एकडाव, तवा वाजवली तशीच. ऐकू आली तर समजन, त्या दिवशी मलेच झोप लागली असन."

मी परात घेऊन गच्चीवर गेले. जोरात वाजवली आणि तिला ऐकू आली, तर? आपण त्या दिवशी झोपलो नव्हतो, हे तिला आठवणार. मग ती विचारणार. मी परात पोटाशी धरली आणि बोटांनी वाजवली. बोटांनी. मलाच जेमतेम ऐकू आली.

आणि तरी, खरं सांगते, खाली वाकून मी बघत होते, ती बाहेर येते का. मला कुतूहल होतं.

बऱ्याच वेळाने ती दारात आली. वर बघून म्हणाली, "वाजव ना वं."

"वाजवली, खाला. खूप जोरात."

तिने मान डोलावली. त्याच महिन्यात मुलाने तिला कानाचं यंत्र आणून दिलं. ते शिट्टी मारतं, कान दुखतो, पण ती काढत नाही. माझा आवाज घरात कुणाला नीट ऐकू जात नाही, पण खालाशी मी मोठ्याने बोलते. ती बायकांना सांगते, "पोरगी लय गुनाची हाय. माह्यासाठी जोरानं बोलते."