पाठमोरं घर

गाडी शिकवणाऱ्या बाईला स्वतः गाडी चालवता आली म्हणजे झालं, असं लोकांना वाटतं. ते तर कुणालाही येतं. दुसऱ्याच्या हातातली गाडी सोसणं, हे खरं काम. ही बाई कित्येक वर्षं शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादाचा ब्रेक घेऊन, शहरभरच्या नवशिक्यांना सोसत आली होती. त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं ब्रेकबाई. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. लग्न मोडून माहेरी आली तेव्हापासून घरचा कारभारही तिच्याच पायाखाली होता. धाकटा भाऊ दूरच्या शहरात नोकरीला. आई गेल्यापासून घरात ती आणि बाबा.

बाबांचा जन्म कापडाच्या गिरणीत, मागावर गेला. त्या खडखडाटाने तरुणपणीच त्यांच्या कानांचा निकाल लावला. पण मागावरच्या माणसांचं कानावाचून अडत नाही. ती एकमेकांचे ओठ वाचून बोलतात. आईसुद्धा त्याच गिरणीत, समोरच्या रांगेत. "आमचं लग्न एका शब्दाचाही आवाज न होता जमलं," असं बाबा सांगायचे. "नंतर मी सगळी भरपाई केली," असं आई म्हणायची. त्यामुळे घरात एकच कडक नियम होता. बोलायचं तर समोर येऊन, उजेडात, तोंडात घास नसताना. पाठ करून बोललेलं त्या घरात शिवी दिल्यासारखं लागायचं.

बाबांच्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली आणि ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. नंतर डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. त्यांच्या तोंडावर मास्क, त्यामुळे बाबांच्या दृष्टीने त्या मुक्याच. त्या म्हणाल्या, "आजार उलटू नये म्हणून केमो देता येईल. या वयात फायदा थोडा कमी, त्रास थोडा जास्त. पण तब्येत चांगली आहे, मी नाही म्हणणार नाही. यांना विचारा आणि लवकर कळवा, फार उशीर झाला तर उपयोग उरत नाही."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. काय म्हणतात?

"सगळं छान झालंय," ती ओठ नीट हलवत म्हणाली. "आता फक्त आराम."

ती खोटं बोलायला म्हणून बोलली नव्हती. घरी जाऊन शांतपणे सांगू, असं तिच्या मनात होतं. पण घरी गेल्यावर बाबांनी पोटभर चहा प्यायला, खिडकीशी खुर्ची ओढली आणि कधी नव्हे ते शीळ घातली. तिने सांगणं उद्यावर ढकललं. आईची केमो तिने पाहिली होती. मोरीत बसून आईची पाठ चोळली होती, उशीवरचे केस वेचले होते. पुन्हा ते सगळं? या वयात?

तिने धाकट्याला फोन लावला. "कसं करायचं?"

"ताई, तू तिथे आहेस. तू म्हणशील तसं." हे वाक्य दिसायला सालस, पण आतून पक्कं कामचुकार. वर तो म्हणाला, "मला विचारशील तर कशाला छळायचं त्यांना? जगले की भरपूर."

रोज फोन व्हायचा. ती ओट्याकडे तोंड करून बोलायची, बाबा दारात दिसले की खिडकीकडे वळायची. धाकटा एकदा येऊन गेला, तर तोही गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून उभा. आज सांगू, उद्या सांगू करता करता शेवटी भावंडांचं ठरलं. केमो नको, बाबांना सुखाने राहू दे. त्या दिवशी तिला हलकं वाटलं. आपण किती समजूतदार, असंही वाटलं. माणूस स्वतःला शाबासकी द्यायला लागला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय.

एका सकाळी ती कामावर निघाली तर बाबा दारात उभे. शर्ट इस्त्रीचा, दाढी गुळगुळीत.

"माझी केमो कधी आहे?"

"कसली..." ती म्हणाली आणि पुढचं गिळलं.

"दवाखान्यातून आल्यापासून या घरात मला सगळ्यांच्या पाठी दिसतात. तुझी, धाकट्याची. तुझ्या आईच्या वेळी मीही असाच ओट्याकडे तोंड करून बोलायचो. तिने तिसऱ्या दिवशी ओळखलं होतं. मला जरा वेळ लागला."

तिने खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मग त्यांच्यासमोर उजेडात आली आणि सगळं सांगितलं. आईचं काय झालं ते आठवतं ना, असंही विचारलं.

"आठवतं. ओकत होती, रडत होती, मला शिव्या देत होती. पण पुढच्या तारखेला माझ्याआधी चप्पल घालून तयार असायची. तिने एकदा तरी नको म्हटलं का?"

नव्हतं म्हटलं. इतकी वर्षं तिला ओकाऱ्या आठवत होत्या, चप्पल आठवली नव्हती.

"मला भीती वाटते गं," बाबा म्हणाले. "म्हातारा झालो म्हणजे मरायला तयार झालो, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्याच दिवशी दोघं दवाखान्यात गेली. बाबांनी खुणेने सांगितल्यावर डॉक्टरीणबाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि मास्क खाली केला. बाबा पहिल्यांदाच त्यांचं बोलणं स्वतः वाचत होते. त्या म्हणाल्या, "उशीर झालाय. देता येईल अजून, पण तेव्हा जेवढा फायदा झाला असता तेवढा आता होईल असं मी सांगू शकत नाही."

"म्हणजे अजिबात नाही असं नाही ना?"

"नाही. अजिबात नाही असं नाही."

"मग द्या," बाबा म्हणाले.

तारीख घेऊन दोघं गाडीत येऊन बसली. तिने चावी लावली, पण फिरवली नाही.  मग ती त्यांच्याकडे पूर्ण वळली. "माझं चुकलं, बाबा. तुम्हाला त्रास नको म्हणून..."

बाबांनी हात वर करून तिला थांबवलं. "आईचं दुखणं तू एकटीने काढलंस. गाड्या शिकवून यायचीस आणि रात्र रात्र बसायचीस. आताही एकटीच आहेस. दमली असशील तर दमले म्हणायचं, पोरी. माझ्या त्रासाच्या नावावर कशाला घातलंस?"

हे तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. ती रडायला लागली. नवशिक्यांनी भिंतीवर गाडी घातली तरी जिच्या डोळ्यांतून टिपूस निघत नसे, ती बाई दवाखान्याच्या आवारात हुंदके देऊन रडली. बाबा बघत राहिले. त्यांनी समजूत घातली नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, अजून राग होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही.

"दमलेय," ती म्हणाली.

"हां. मग धाकट्याला फोन लाव."

तिने लावला. पलीकडून धाकट्याचं सुरू झालं, "बोल ताई, काय म्हणतेस, तू म्हणशील तसं..."

"सोमवारी बाबांची केमो आहे," ती म्हणाली. "मी करायची नाही एकटीने. तू ये."