बंद कार्डाची वसुली आणि आत्याचे डोळे

माझ्यावर पाचशे नव्वद रुपयांचं कर्ज आहे, हे मला ते अकरा हजार झाल्यावर कळलं.

क्रेडिट कार्ड मी सगळे पैसे भरून कधीच बंद केलं होतं. बँकेनं मात्र नंतरही वार्षिक फी लावली, फीवर दंड लावला आणि शेवटी मला वसुलीवाल्यांच्या हवाली केलं. त्यांचा फोन आला की मी उभा राहून बोलायचो! (विष्णुपुरीच्या कॉलेजात मी लॅब सांभाळतो. प्राचार्यांसमोरही इतका ताठ नसतो.)

"उद्या घरी येऊन राहिलो सर," एक दिवस तो आवाज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली आणि मी बाथरूममध्ये शिरलो. बायकोनं, सुनंदानं, ठरल्याप्रमाणे सांगितलं, "ते मुदखेडला गेलेत."

त्यानं दारातूनच मला फोन लावला. सवयीनं मी उचलला!

"कुठं हायेत सर?"

"मुदखेडला!" बाथरूममधून माझा आवाज सबंध गल्लीत घुमला.

"मुदखेड लई जवळ आलं की हो!"

तेवढ्यात माझी आत्या बाहेर आली. मुरुडला तिचं किराणा दुकान. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलेली बाई. डोळे तपासायला आमच्याकडे नांदेडला आली होती.

"बस बाबा. सुनंदा, ह्याला चहा टाक. अन तू, ये भाईर मुदखेडहून!"

मी आलो. फोनवरचा तो आवाज म्हणजे हेल्मेट मांडीवर घेतलेला एक काटकुळा माणूस होता.

"डोळ्यात औषध घातलंय, मला दिसंना," आत्या म्हणाली. "तूच वाच हिसाब."

"वार्षिक फी."

"बरं."

"लेट फी. लेट फीवर व्याज. व्याजावर जीएसटी."

"अन त्या जीएसटीला अजून लेकरंबाळं झाली न्हाईत का?"

त्याचा चहा बशीत सांडला.

"कार्ड बंद केल्याचा कागद हाय का रे?" तिनं मला विचारलं.

होता! कपाटात, शिक्क्यासकट! तीन महिने मी फोनवर ताठ उभा राहत होतो, पण तो काढावा असं एकदाही सुचलं नव्हतं. आत्यानं तोही त्यालाच वाचायला लावला.

"फी तर बंद केल्यानंतरची हाय की, मावशी!" तो चाचरला.

"मग चल ब्यांकेत."

आत्या त्याच्याच मोटारसायकलवर मागे बसली. मी रिक्षानं मागून!

बँकेत तिनं अधिकाऱ्यापुढे दोन्ही कागद ठेवले. "मोठ्यानं वाचा साहेब, मला दिसंना." साहेब वाचू लागले. रांग ऐकू लागली. कॅशियरनं नोटा मोजायचं थांबवलं. जीएसटीपर्यंत येता येता साहेबांचा आवाज तळाला गेला. विष्णुपुरीच्या धरणाचे दरवाजे उघडताना मी अनेकदा पाहिलेत, पण असा श्वास कधी रोखला नव्हता!

"चूक झालीय, मावशी."

"हेच लिहून द्या." त्यासाठी आधी तक्रार द्या म्हणाले, ती मी तिथंच लिहिली. पोच हातात पडेस्तोवर आत्या खुर्चीतून हलली नाही. पंधरा दिवसांत पत्र आलं. बाकी शून्य, वसुली रद्द!

परवा त्याच वसुलीवाल्याचा फोन आला. "सर, भावाला ब्यांकेनं असेच चार्ज लावलेत. जरा सल्ला पाहिजे होता."

मी छाती फुगवली, घसा खाकरला. "बोला ना, काय विचारायचंय?"

"तुम्हाला न्हाई हो सर! आत्याबाईंचा नंबर द्या."