तारखेचा डोस

माझी निम्मी नोकरी तुरुंगाच्या दवाखान्यात गोळ्या वाटण्यात गेली. तुरुंग आमच्या खान्देशातलाच, कुठला ते सांगत नाही. सांगून आता कुणाचं भलं होणार आहे? डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही सरकारी दवाखान्यातली ओपीडी उरकून, घड्याळ बघत. उरलेले सहा दिवस डॉक्टर मीच, कंपाउंडर मीच आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या धुणाराही मीच. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी त्याच्याही आधी संपलो होतो, असं बायको म्हणायची. खोटं नव्हतं ते.

आमच्याकडे एक कच्चा कैदी होता, म्हणजे खटला न चाललेला. सातपुड्याच्या पायथ्याचा, डिंक आणि मोहाची फुलं गोळा करणाऱ्या घरातला. डोकं फिरलं त्या दिवसांत त्यानं गावातल्या एकाच्या कडब्याची गंजी पेटवली होती. माणूस मेला नाही, ढोर मेलं नाही. शिक्षा झाली असती तर भोगून केव्हाच घरी गेला असता. पण शिक्षा व्हायला खटला चालायला हवा, आणि खटला चालायला आरोपीला त्यातलं कळायला हवं. ते कळत नाही म्हणून त्याला लांबच्या मनोरुग्णालयात पाठवायचे. तिथे तो सुधारायचा, 'खटला चालवण्यास योग्य' असा कागद घेऊन परत यायचा. आणि आमच्याकडे त्याची गोळीच नसायची! आमच्या मागणीच्या यादीत जुलाबाचं, तापाचं, खरजेचं औषध होतं, डोक्याचं नव्हतं. तारीख लागेपर्यंत तो पुन्हा भिंतीशी भांडायला लागलेला असायचा. मग पुन्हा रवानगी. असं तीनदा झालं. चार वर्षं गेली त्याची त्यात.

चौथ्या वेळी मात्र मी डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागलो. "अहो, तुम्हाला काय पडलंय एवढं?" असं ते वैतागून म्हणाले, पण दर आठवड्याला गोळ्या आणून द्यायला लागले. रोज सकाळी एक. चार महिने एकही चुकली नाही. माणूस सुधारला हो! दवाखान्यात येऊन बसायचा, जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन करून पावडरीच्या पुड्या बांधायचा. माझ्यापेक्षा सुबक. हाताला काम असलं की तोंड उघडायचा, हात रिकामे झाले की गप्प.

मी मूळचा भडगावकडचा, त्यामुळे त्याची बोली मला घरचीच. कोर्टात साहेब काय विचारतात ते मला तारखेहून परतलेल्या कैद्यांकडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. पुड्या बांधता बांधता मी त्याची तयारी करून घेतली.

"तुनं नाव काय?" तो सांगायचा. गाव सांगायचा. बापाचं नाव सांगायचा.

"गंजी कोनी पेटाडी?"

"मी पेटाडी. तवय मनं डोकं ठिकानवर नव्हतं. आते शे."

तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं, आता आहे, एवढंच त्याला साहेबांपुढे बोलायचं होतं. तेवढं बोलला की खटला चालणार होता, आणि इतकी वर्षं आत काढलेली बघून साहेब त्याला घरी सोडतील, असं त्याला सरकारनं दिलेला वकील म्हणाला होता. त्याची थोरली बहीण दर महिन्याला दोन एसट्या बदलून भेटीला यायची. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो. "बठ्ठं गाव इचारस, भाऊ, तो कधय येई," अशी सगळ्या गावाची चौकशी सांगायची आणि मला वर्दीवाला मोठा साहेब समजून हात जोडायची. मला लाज वाटायची.

आता इथली रीत सांगतो. डोक्यावर परिणाम झालेल्या कैद्याला तारखेला न्यायचं असलं की सकाळी डोस दुप्पट द्यायचा, म्हणजे तो दिवसभर गुंगीत राहतो. कोणत्याही कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. माझ्या आधीच्या कंपाउंडरनं मला सांगितलं, त्याच्या आधीच्यानं त्याला. गाडीत आरडाओरड नको, कोर्टात तमाशा नको, पोलिसांची तक्रार नको. मीही किती जणांना दिला असेल! तोवर कधी मनात शंकासुद्धा आली नव्हती.

त्या दिवशी मात्र मी ठरवून एकच दिली. त्याच्या सदऱ्याच्या खिशात कागदाचे चार चौकोन घालून दिले, म्हटलं, बोलताना हातात धर. तो फाटकाशी गेला. आणि तिथे त्याला आनंद झाला. दुसरं काही नाही. "घर जाऊत, घर जाऊत," म्हणत टाळ्या वाजवायला लागला, पहाऱ्यावरच्याच्या गळ्यात पडायला गेला. चार वर्षांनी माणूस पहिल्यांदा खूश झाला होता.

न्यायला आलेला हवालदार माझ्याकडे वळला. "कंपाउंडर, तारखेचा डोस दिला का याला? ही नसती ब्याद मी अशी नेणार नाही. तुमची तारीख गेली तर गेली."

मी भांडायला हवं होतं. जेलरसाहेब यायला अर्धा तास होता, त्यांची वाट पाहायला हवी होती. मी म्हणालो फक्त, "अहो, बरा आहे तो." हवालदार म्हणाला, "हे बरं?" आणि मला एकदम कंटाळा आला. हवालदाराचा, फाटकाचा, माझ्या स्वतःच्या आवाजाचा. मी आत गेलो, दुसरी गोळी आणली. त्यानं मुकाट्यानं घेतली आणि शिकवल्याप्रमाणे तोंड उघडून जीभ वर करून दाखवली.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी सायकलीनं कोर्टात गेलो. अक्का पहाटेपासून येऊन पायरीवर बसली होती, त्याचा धुतलेला सदरा मांडीवर घेऊन. दुपारी पुकारा झाला. तो उभा राहिला, म्हणजे दोन पोलिसांनी उभा धरला. साहेबांनी नाव विचारलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. साहेब भले होते, तीनदा विचारलं, मग शिरस्तेदाराला बोलीत विचारायला लावलं. त्याचा हात खिशाकडे गेला, चौकोन बाहेर आले आणि खाली पडले. तो त्यांच्याकडे बघत राहिला. साहेबांनी मान हलवून लिहायला घेतलं. पुन्हा मनोरुग्णालय. पोलिसांनी बाहेर नेताना कागद पायाखाली आले, ते मी उचलले.

बाहेर अक्का थांबली होती. रडत नव्हती. माझ्याजवळ आली आणि हळूच, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "आज येक गोळी जास्ती देवाले पाह्यजे व्हती, भाऊ. मंग बोलता तो."

"हो अक्का," मी म्हणालो. "चुकलं माझं."

तिनं मान डोलावली आणि सदऱ्याची घडी करून पिशवीत ठेवली.