अक्कांमार्फत

आमच्या सरांनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट थेट केली नाही. माझ्या दाराची कडी वाजवायची असली तरी आधी फाटकाशी थांबून खाकरतील, मग पायरीवर उभं राहून स्वतःचं नाव सांगतील आणि मग कडी. जळगावच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर व्यवस्थापनशास्त्र शिकवलं. तसं ते पुष्कळ जण शिकवतात आणि घंटा झाली की विसरून जातात. सर ते घरी घेऊन आले, हा सगळा घोटाळा. मी त्यांचा विद्यार्थी. पुढे नोकरी लागल्यावर नेमका त्यांच्या समोरच्याच घरात राहायला आलो, त्यामुळे माझी परीक्षा काही संपली नाही.

त्यांच्या बैठकीत देवांच्या तसबिरींशेजारी एक तक्ता टांगलेला आहे. सर्वांत वरच्या चौकटीत सर, तिच्याखाली अक्का, म्हणजे त्यांची बायको, आणि अक्कांच्या खाली नितीन, एकुलता एक मुलगा. चौकटी जोडणारी रेघ पट्टीनं मारलेली. "एका माणसाला एकच साहेब," सर सांगत. "नितीनची साहेब अक्का. मी मध्ये तोंड घातलं तर पोरानं ऐकायचं कोणाचं?" अक्का हे ऐकून घ्यायच्या आणि मेथी निवडत बसायच्या. घर प्रत्यक्षात कोण चालवतं ते कॉलनीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं.

एका हिवाळ्यात असोद्याला कोणाच्या तरी शेतात आम्हा जुन्या विद्यार्थ्यांची भरीत-पार्टी होती. सरांनी लगेच कामाची वाटणी केली. वांगी भाजायला दोघं, सोलायला दोघं, ठेचायला मी, कांद्याची पात चिरायला एक, आणि देखरेखीला स्वतः सर. कोणी दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, त्यानं म्हणे हाताची सफाई जाते. झालं काय, सोलणारे दोघं विहिरीत पोहायला गेले ते गेलेच. वांगी भाजून गार पडली, पात सुकायला लागली, मी मुसळ घेऊन नुसता बसलेला. पोटात कावळे ओरडायला लागले म्हणून मी एक वांगं सोलायला घेतलं, तर सर शांतपणे म्हणाले, "ते खातं तुमचं नाही." शेवटी तीन वाजता अक्का पदर खोचून उठल्या. माहेर धुळ्याकडचं, रागावल्या की अहिराणीत जायच्या. "सरका बठ्ठा बाजूले," एवढंच म्हणाल्या, आम्हा सगळ्यांना बाजूला सारलं आणि अर्ध्या तासात पंगत बसली. सरांनी दोनदा भरीत मागून घेतलं. मग माझ्याकडे झुकून म्हणाले, "भरीत जमलंय. पण पद्धत चुकली."

बापलेकाचं बोलणंही त्या तक्त्यावरच्या रेघेवरूनच चाले. दोघं एकाच खोलीत, चार हातांच्या अंतरावर, आणि नितीन आत बघून ओरडे, "अक्का, नानांना विचार, मी पुण्याला शिकायला जाऊ का?" नाना, म्हणजे आमचे सर, वर्तमानपत्रातून डोकं वर काढत नसत. अक्का हात पुसत दारात यायच्या, तोच प्रश्न पुन्हा म्हणायच्या, तेव्हा कुठे उत्तर मिळे. पुण्याचं विचारलं त्या दिवशी मी तिथेच चहा पीत बसलो होतो. सर म्हणाले, "त्याला सांग, इथली कॉलेजं काय ओस पडलीत?" अक्का नितीनकडे वळल्या आणि म्हणाल्या, "नाना म्हणताहेत, जा. पण तुझ्यावाचून घर ओस पडेल." सरांनी हे ऐकलं. पण अक्कांच्या कामात ढवळाढवळ करणं तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून त्यांनी पान उलटलं. मला तेव्हा फार हसू आलं होतं.

दोन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. तेराव्यानंतर सरांनी तक्त्यावरचं त्यांचं नाव खोडलं. नसलेल्या माणसाचं नाव तक्त्यावर ठेवत नाहीत म्हणाले. त्या जागी पेन्सिलीनं माझं नाव लिहिलं, पुढे 'प्रभारी'. मला वाटलं, म्हाताऱ्याचा एक चाळा.

मग मागच्या दिवाळीआधी पुण्याहून नितीनचा मला फोन आला. "दादा, नानांना सांगा, नवीन घरात त्यांच्यासाठी खोली ठेवलीय. एकटे नका राहू म्हणावं." मी समोर जाऊन सांगितलं. सर म्हणाले, "त्याला सांगा, मी कोणाच्या घरात अडगळ व्हायला येणार नाही." मी सरांचाच विद्यार्थी. निरोप जसाच्या तसा पोचला पाहिजे, हे त्यांनीच शिकवलेलं. मी शब्दन् शब्द पोचवला. नितीन "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला, तो पुन्हा काही आला नाही.

दिवाळी गेली. दर रविवारी सर माझ्या फाटकाशी खाकरायचे, पायरीवर नाव सांगायचे आणि विचारायचे, "काही निरोप?" मी नाही म्हटलं की तसेच परत. घरात खुर्चीवर स्वयंपाकघराकडे तोंड करून बसायचे. चहा करायचे तो गार होईपर्यंत पुढ्यात. मला ते बघवत नसे. एका रविवारी त्यांनी विचारलंच, "तुम्ही त्याला नेमकं काय सांगितलं होतं?"

"तुम्ही म्हणालात तेच, सर. जसंच्या तसं."

त्यांनी समोरच्या आपल्या घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "अक्का तसं सांगत नसे."

मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो आणि म्हटलं, "सर, वर्गात तुम्हीच सांगितलं होतं. निरोपाला अधिकाराच्या शिडीनं वर-खाली जायला फार वेळ लागत असेल, तर दोघांनी मध्ये फळी टाकावी आणि थेट बोलावं."

"ती फळी एका पातळीवरच्या माणसांसाठी असते," सर म्हणाले. "बापलेक एका पातळीवर नसतात." मग तक्त्याकडे बघत राहिले. "पण ती गेली तेव्हा तो आणि मी सारखेच झालो, नाही का?"

मी नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या हातात दिला.

"मी बोलतोय," सर म्हणाले.

"नाना?" नितीन म्हणाला. सरांनी सवयीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथून कोणी हात पुसत आलं नाही.

"तू पुण्याला निघालास," सर अखेर म्हणाले, "तेव्हा घर ओस पडेल म्हणून अक्का म्हणाली होती. ते माझंच म्हणणं होतं."

मी फाटक लावून घरी आलो. आता रविवारी ते दोघं दोन-चार वाक्यं बोलतात, पुण्याला जायचं अजून ठरलेलं नाही, आणि बाकीचे सहा दिवस ते घर तसंच मुकं असतं. परवा गेलो तर तक्त्यावरचं माझं नाव खोडलेलं होतं आणि तिथे पुन्हा अक्कांचं लिहिलेलं होतं, शाईनं. माझी नजर तिकडे गेलेली पाहून सर म्हणाले, "पद्धत चुकलीय. पण राहू द्या."